उचलून घेता येतं म्हणून शिकवायचं राहून जातं

प्रश्न : आमची चिंगी 14 महिन्यांची पॉमेरेनियन आहे, वजन जेमतेम साडेतीन किलो. बेल वाजली की भुंकून घर डोक्यावर घेते. सोफ्यावरून उचलायला गेलं की गुरगुरते आणि मागच्या महिन्यात तिनं माझ्या सासऱ्यांच्या बोटाला दात लावला. रक्त आलं नाही, पण आम्ही सगळे हादरलो. दोन ट्रेनरशी बोललो. पहिले म्हणाले, कुत्री डोक्यावर चढलीय, घरात बॉस कोण ते तिला कळायला हवं. पंधरा दिवस माझ्याकडे ठेवा, चोक चेननं (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) सरळ करून देतो, गॅरंटी. दुसऱ्या बाई म्हणतात, मी ओरडतसुद्धा नाही, फक्त खाऊ वापरते. त्यांचा ग्रुप क्लास असतो. सासूबाईंच्या मते खाऊ देऊन काम करून घेणं म्हणजे लाच. नवरा म्हणतो, एवढ्याशा कुत्रीला ट्रेनर कशाला, उचलून घेतलं की झालं. कोणाचं ऐकू?

उत्तर : पहिल्या गृहस्थांना आजच नाही कळवून टाका. ‘विचार करून सांगतो’ असं अर्धवट नको, नाहीतर पुढच्या वेळी चिंगी दारावर भुंकायला लागली की त्या गॅरंटीची आठवण होईल. दुसऱ्या बाईंना मात्र लगेच हो म्हणू नका. खाऊ वापरतात एवढ्यावरून त्या चांगलं शिकवतात असं ठरत नाही; त्यांना काय विचारायचं ते पुढे लिहिते. पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमच्या यजमानांचं आहे. ‘उचलून घेतलं की झालं.’ चिंगीचं दुखणं नेमकं तिथे आहे.

चाळीस किलोचा कुत्रा सोफ्यावर ऐसपैस पसरला आणि हलायला तयार नसला, तर घरच्यांना डोकं चालवावंच लागतं. त्याला खाली उतरायला शिकवावं लागतं, कारण दुसरा इलाजच नसतो. साडेतीन किलोच्या कुत्रीला खाली उतरायला कोण शिकवतं? पोटाखाली हात घातला, उचललं, खाली ठेवलं. दाराकडे धावली, उचला. पाहुण्यांवर भुंकली, उचला. औषध पाजायचंय, बगलेत धरा. दिवसभरात कितीतरी वेळा ती कुठे असावी हे दुसराच कोणीतरी हातानं ठरवतो. तिला ते नको असतं तेव्हा ती सांगतेही. मान फिरवते, काही खाल्लेलं नसताना ओठांवरून जीभ फिरवते, अवेळी जांभई देते, अंग आक्रसून घेते, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसेल अशी तिरकी बघते. मोठ्या कुत्र्यानं यातलं निम्मं केलं तरी माणूस हात मागे घेतो. लहान कुत्रीच्या बाबतीत हे सगळं कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि ती गुरगुरली तर लोक हसतात, व्हिडिओ काढतात. मग एक दिवस बोटाला दात लागतो आणि ‘अचानक चावली’ असं ठरतं.

ही फक्त माझी धारणा नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1276 कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती आणि 20 किलोच्या आतले व वरचे असे दोन गट केले होते. लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सातत्य ठेवतात, कुत्र्याबरोबर खेळण्या-शिकवण्यात कमी वेळ घालवतात, आणि ते कुत्रे कमी ऐकतात, जास्त लवकर बिथरतात, असं त्यात दिसलं. वारंवार शिक्षा होणाऱ्या कुत्र्यांत आक्रमकता आणि उतावळेपणा दोन्ही गटांत जास्त होता. पण शिक्षेच्या जोडीनं भीती आणि घबराट वाढलेली दिसली ती फक्त लहान कुत्र्यांच्या गटात. प्रश्नावलीचा अभ्यास आहे, त्यामुळे शिक्षेनं भीती आली की भित्र्या कुत्र्याला लोक जास्त शिक्षा करतात, हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी साडेतीन किलोच्या कुत्रीच्या गळ्यात चोक चेन घालण्याआधी थबकायला एवढं पुरेसं आहे.

आता सासऱ्यांचं बोट. रक्त आलं नाही म्हणता, पण बारीक ओरखडाही उठला असेल आणि डॉक्टरांना दाखवलं नसेल, तर दाखवून घ्या, आणि चिंगीचं रेबीजचं लसीकरण वेळच्या वेळी झालंय का ते तपासा. कुत्रा घरचा असला तरी हा नियम बदलत नाही. यापुढे कधी दात लागलाच तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवायचं, मग बाकीचं बोलायचं.

आणि गुरगुरण्याबद्दल तिला ओरडणं थांबवा. गुरगुरणं म्हणजे तिनं दात न लावता केलेली तक्रार आहे. त्याबद्दल फटका बसला की तक्रार बंद होते, नकोसेपण तसंच राहतं. पुढच्या वेळी ती गुरगुरण्याची पायरी गाळून थेट दातांवर येते. गुरगुरणारी कुत्री सांभाळणं सोपं असतं. मुकाट्यानं चावणारी सांभाळणं फार कठीण.

ट्रेनर ठरवण्याआधी चिंगीला पशुवैद्याकडे न्या, आणि ‘उचलताना गुरगुरते’ हे नेमक्या याच शब्दांत सांगा. लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा त्रास नेहमीचा आहे आणि पॉमेरेनियन त्यात पुढे असतात. चालता चालता मागचा एक पाय दोन-चार पावलं वर धरायचा आणि मग काही झालंच नाही असं पुन्हा टेकवायचा, अशी लंगडी तुम्ही पाहिली असेल तर तीही सांगा. लहान जबड्यात दातांची दाटी होते, त्यामुळे हिरड्यांचे आजारही लवकर सुरू होतात. कान, पाठ, पोट, सगळं बघून घ्या. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका गटानं 2020 साली लिहिलंय की त्यांच्याकडे आलेल्या वर्तनाच्या तक्रारींपैकी कमीत कमी एक तृतीयांशात, आणि काही ठिकाणी 80 टक्क्यांच्या आसपास, कुठेतरी दुखण्याचा हात होता. उचलल्यावर गुडघ्यात कळ येत असेल तर ट्रेनर कितीही हुशार असला तरी तुमचे पैसे वाया जाणार. जो ट्रेनर ‘दात लावला’ हे ऐकून ‘पशुवैद्याला दाखवलंत का?’ असं विचारत नाही, त्याच्याबद्दल माझं मत तिथेच निम्म्यावर येतं.

तुमच्या पहिल्या ट्रेनरांच्या बोलण्यात तीन गोष्टी आहेत: बॉस, चोक चेन आणि गॅरंटी.

बॉसची गोष्ट लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं 1947 साली बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं वर्णन केलं. ते वर्चस्वासाठी सतत एकमेकांवर गुरकावत होते. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या लेखनातून 1970 नंतर ‘अल्फा’ची, म्हणजे दांडगाईनं कळपाचा म्होरक्या होणाऱ्या लांडग्याची, कल्पना घरोघरी पोचली. आणि याच मेकनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर 1999 साली ती कल्पना मोडीत काढली: रानातला कळप बहुतेक वेळा म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामारी चालत नाही. कुत्रा लांडगा नाही हा मुद्दा तर आणखी वेगळा. सोफ्यावर बसलेल्या चिंगीला घराची सत्ता नको आहे, मऊ जागा हवी आहे. तरी ‘बॉस दाखवा’ हे वाक्य मरत नाही, कारण ते माणसाच्या अहंकाराला बरं वाटतं.

या विचारातून जे उपाय निघतात त्यांचं काय होतं, तेही पाहिलेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या 140 मालकांना विचारलं होतं की तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्यानं काय केलं. 2009 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी 43 टक्क्यांना उलट कुत्र्याकडून आक्रमक उत्तर मिळालं. कुत्र्याला उलथवून पाठीवर दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं, नुसतं डोळे रोखून बघत राहणाऱ्यांत 30 टक्के. ज्या घरात आधीच दात लागलाय तिथे हा जुगार कोण खेळेल?

चोक चेनचं तर लहान कुत्र्यांच्या बाबतीत आणखी वाईट आहे. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल या जातींत श्वासनलिकेच्या कूर्चेची कडी मऊ पडून नळी चपटी होण्याचा विकार आढळतो. हॉर्न वाजल्यासारखा कोरडा कर्कश खोकला ही त्याची खूण. अशा गळ्याला झटके द्यायचे? साध्या पट्ट्याची ओढ बसली तरी कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि हार्नेसच्या (गळ्याऐवजी छातीला बांधायचा पट्टा) ओढीनं वाढत नाही, हे 2006 साली मोजून दाखवलेलं आहे. दोरी कायम हार्नेसला बांधा. गळ्यातला पट्टा नाव-पत्त्याच्या बिल्ल्यापुरता ठेवा. आणि कोणी ‘मग निदान बटणाचा पट्टा घ्या, हलकासा करंट असतो’ असं म्हणालं तर तेही ऐकू नका. वेल्सनं तसले पट्टे 2010 सालीच कायद्यानं बंद केले.

चोक चेननं भुंकणं थांबत नाही, असं मी म्हणणार नाही. थांबतं. पंधरा दिवसांनी चिंगी परत येईल तेव्हा कदाचित खाली मान घालून कोपऱ्यात बसेल आणि सगळे म्हणतील, वा, काय शहाणी झाली. सेलिगमन आणि मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवर केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात: काही केलं तरी विजेचा धक्का चुकत नाही हे कळलेला प्राणी पुढे सुटकेचा रस्ता उघडा असला तरी हातपाय हलवत नाही. तो गप्पपणा बाहेरून शांतपणासारखाच दिसतो. पोर्तुगालमधल्या पोर्टो शहराच्या परिसरात वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतल्या 92 कुत्र्यांची पाहणी झाली, ती 2020 साली छापून आली. ज्या शाळांत झटके, दटावणी यांवर भर होता तिथल्या कुत्र्यांत शिकवणी चालू असताना ताणाच्या खुणा जास्त दिसल्या आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, वाढलेलं निघालं. मग त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांना शाळेबाहेर नेऊन एक साधी चाचणी घेतली: खोलीत एका बाजूच्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतो, हे आधी शिकवलं आणि नंतर वाडगा मधेच कुठेतरी ठेवला. सर्वांत जास्त शिक्षेच्या शाळांतले कुत्रे त्या मधल्या वाडग्याकडे रेंगाळत गेले. खाऊ असेल अशी आशाच त्यांना कमी होती.

शिवाय पंधरा दिवस ती तिकडे राहिली तर शिकलं कोण? फार तर ती, तेही त्या गृहस्थांच्या आवाजाशी आणि त्यांच्या घरातल्या सोफ्याशी. तुमच्या घरी बेल तीच, सोफा तोच, उचलणारे हात तेच. बंद दाराआड तिच्याशी कसं वागले हे तुम्हाला कधी कळणार नाही, आणि चिंगी येऊन सांगणार नाही. गॅरंटीचं म्हणाल, तर प्रशिक्षकांच्या संस्थांच्या आचारसंहितेत निकालाची हमी देऊ नये असं कलम आढळतं. जिवंत प्राण्याच्या वागण्याची हमी देणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा विक्रेता.

आता दुसऱ्या बाई. बहुतेक देशांत कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही. पाटी लावली की झाला ट्रेनर. म्हणून प्रमाणपत्र आहे का, हे विचारावंच. सीपीडीटी-केए हे एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, त्याच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान 300 तास शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. कॅरन प्रायर अकादमीचा अभ्यासक्रम हे दुसरं चांगलं नाव. पण प्रमाणपत्र नसलेले उत्तम लोक असतात आणि भिंतभर प्रमाणपत्रं लावलेले यथातथाच लोकही असतात. मी कागदापेक्षा उत्तरांवर जास्त विसंबेन. त्यांना विचारा: चिंगीनं बरोबर केलं की तिच्या बाबतीत नेमकं काय होईल? चुकली की नेमकं काय होईल? आणि तुम्ही सांगताय त्याहून सौम्य काही करता येईल का? ‘नेमकं’ या शब्दावर अडून बसा. ‘मी तिला करेक्शन देते’, ‘एनर्जी बदलते’, ‘लीडरशिप दाखवते’ ही उत्तरं नव्हेत. ‘चुकली तर खाऊ मिळत नाही, मी पायरी सोपी करते आणि पुन्हा विचारते’ हे उत्तर आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 च्या निवेदनात स्पष्ट म्हटलंय की सगळ्याच कुत्र्यांसाठी, चावऱ्या कुत्र्यांसाठीही, बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात. तेव्हा ‘खाऊ वगैरे ठीक आहे, पण दात लावणाऱ्याला हिसका हवाच’ असा सूर मधेच लागला तर सावध व्हा.

लहान कुत्रीसाठी आणखी काही गोष्टी पाहा. शिकवताना बाई कुठे असतात? साडेतीन किलोच्या कुत्रीवर उभ्यानं वाकून ‘बस, बस’ म्हणणारी व्यक्ती तिच्या जागी बसून बघा, आभाळ कोसळल्यासारखी दिसते. जाणकार ट्रेनर जमिनीवर बसतात, अंग थोडं तिरकं ठेवतात, खाऊचा हात तिच्या नाकाच्या उंचीवर धरतात, गुळगुळीत फरशी असेल तर आधी चटई अंथरतात. खाऊचा तुकडा केवढा असतो? वाटाण्याच्या दाण्याहून लहान हवा. एवढ्याशा कुत्रीची दिवसाची गरज साधारण 200 ते 300 कॅलरी असते आणि खाऊचा वाटा तिच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे 20 ते 30 कॅलरी. मोठ्या कुत्र्यांना देतात तसली दोन-तीन बिस्किटं झाली की कोटा संपला. तिच्या रोजच्या जेवणातलाच भाग काढून शिकवण्याला वापरला तर सगळ्यात उत्तम.

पहिल्या भेटीत दोन मिनिटं काही न बोलता बघत राहा. बाई आल्या आल्या ‘अगं बाई, किती गोड’ म्हणत चिंगीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या, तर त्यांना अजून बरंच शिकायचं आहे. तिच्याकडे न बघता बाजूला बसल्या, चार तुकडे जमिनीवर टाकले आणि तुमच्याशीच बोलत राहिल्या, तर काम जाणणारं माणूस आहे.

ग्रुप क्लासला मात्र तूर्त नको. चिंगीला आत्ता भीती आणि हाताळण्याची अडचण आहे. अनोळखी कुत्र्यांच्या गलक्यात तिचं शिकणं होणार नाही. त्यात लहान-मोठे कुत्रे एकत्र असतील तर धोकाही आहे. एरवी सज्जन असलेला मोठा कुत्रा, समोर काहीतरी लहान किंचाळत पळालं की शिकारीच्या भरात जाऊ शकतो, आणि साडेतीन किलोच्या जिवाला एक झडप पुरते. बाई घरी येऊन शिकवतात का ते विचारा. नंतर क्लासचा विचार केलात तर आधी चिंगीशिवाय एकदा जाऊन बसा. कुत्र्यांच्या शेपट्या बघा, माणसांचे चेहरे बघा. बघायला येऊ न देणाऱ्या क्लासचा नाद सोडा.

सासूबाईंच्या शंकेत तथ्य आहे, हे त्यांना जरूर सांगा. खाऊ आधी नाकासमोर नाचवायचा, मग कुत्री येणार, आणि हात रिकामा दिसला की येणार नाही, अशी कुत्री बरेच लोक तयार करतात. तो खाऊचा दोष नाही, क्रमाचा आहे. काम आधी, खाऊ नंतर, आणि खाऊ पिशवीत, हातात नाही. नवीन गोष्ट शिकवताना सुरुवातीला तीन-चार वेळा तुकडा दाखवून वाट दाखवावी लागते. त्यानंतर हात रिकामाच न्यायचा, तीच खूण करायची, आणि काम झालं की पिशवीतून द्यायचं. ट्रेनर ही पायरी कधी आणि कशी घेतात, हा बाईंना विचारायचा आणखी एक चांगला प्रश्न आहे. अडखळल्या तर सासूबाईंचा मुद्दा त्यांच्या बाबतीत खरा निघाला म्हणायचं.

ट्रेनर ठरेपर्यंत घरात एक गोष्ट आजपासून बंद: सोफ्यावरून चिंगीला कोणीही उचलायचं नाही. यजमानांनीसुद्धा. आग लागली तर गोष्ट वेगळी. त्याऐवजी हे करा. ती सोफ्यावर असताना तुम्ही हातभर अंतरावर उभ्या राहा, ‘खाली’ म्हणा, एक श्वास थांबा आणि तुकडा जमिनीवर अशा जागी टाका की पडल्याचा आवाज तिला ऐकू येईल. शब्द आधी, तुकडा नंतर. दोन्ही एकदम झालं तर तिला शब्द ऐकूच येत नाही. ती उतरेल, खाईल. आता ती परत वर चढली तर चढू द्या, काहीच म्हणू नका. उलट चढणं हाच पुढच्या सरावाचा भाग आहे. चार-पाच वेळा झालं की थांबा. एक-दोन दिवसांत तुम्ही ‘खाली’ म्हटल्यावर तुकडा पडायच्या आतच तिचं अंग जमिनीकडे वळायला लागेल. तो क्षण पकडा, लगेच ‘शाब्बास’ म्हणा आणि मग तुकडा द्या. गुडघ्याचा त्रास निघाला तर सोफ्याला उतरायला एक पायरी किंवा उतार लावा, नाहीतर उतरण्याची प्रत्येक उडी तिला महाग पडेल.

उचलणं वेगळं शिकवायचं, तेही जमिनीवर, ती जागी आणि निवांत असताना. ‘उचलू?’ असं विचारा, हात तिच्या कुशीला नुसता टेकवा, काढा, तुकडा द्या. ती हाताखाली तशीच उभी राहते, मऊ असते, असं दिसलं की हात छातीखाली सरकवा, काढा, तुकडा. मग एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली, वजन किंचित उचललं न उचललं, खाली, तुकडा. पंजे जमिनीवरून पूर्ण सुटायला तुम्हाला आठवडा लागला तरी हरकत नाही. मधेच ती मागे सरली, मान फिरवली, ओठ चाटले, तर तिचं उत्तर ‘नको’ आहे. तिला जाऊ द्या आणि पुढच्या वेळी एक पायरी मागून सुरू करा. याच जागी लोकांचा धीर सुटतो. ‘नको’ म्हटल्यावर खरंच सोडतात हे कळलेली कुत्री पुढे जास्त वेळा हो म्हणते, हे पटायला जड जातं. करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

बेलसाठी सोपा मार्ग आहे. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि अगदी हळू, तिचा कान हलेल पण ती भुंकणार नाही इतक्याच आवाजात वाजवा. वाजला की दारापासून लांबच्या चटईवर चार तुकडे टाका. बेल म्हणजे चटईवर जायचं, हे बसलं की आवाज थोडा थोडा वाढवत न्या, मग खरी बेल, मग घरातलंच माणूस बाहेरून आत येणार, पाहुणे सगळ्यात शेवटी. दरम्यान खरे पाहुणे येणार असतील तेव्हा तिला आधीच आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा. रोज भुंकण्याचा सराव चालू राहिला तर चटईचा सराव हरतो. पूर्ण गप्प बसेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. पॉमेरेनियन आहे, दोन-तीनदा सांगितल्याशिवाय तिला चैन पडायची नाही.

यासाठी रोज दोन-तीन मिनिटांचा सराव तीन-चार वेळा केला तरी पुरतो. सहा-आठ आठवड्यांत फरक दिसायला हवा, आणि फरक म्हणजे भुंकणं शून्यावर येणं नव्हे. ती लवकर सावरते, तुम्ही जवळ गेल्यावर अंग सैल ठेवते, हा फरक. तो दिसला नाही, किंवा दातांनी कातडी फाटली, किंवा ती खाता-झोपताना कोणी जवळून गेलं तरी गुरगुरायला लागली, तर ट्रेनरवर थांबू नका, वर्तनाचं खास शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडे जा. भीतीवर औषधं असतात आणि ती दिली म्हणजे हार मानली असं नाही. चांगला ट्रेनर स्वतःहून तिकडे पाठवतो.

राहिले सासरे. त्यांनी चिंगीपासून लांब राहावं असं घरात ठरलं असेल, तर ते बदला. नुसत्या लांब राहण्यानं दोघांची भीती जात नाही. संध्याकाळी ते खुर्चीत बसलेले असताना तिच्या जेवणातले थोडे दाणे त्यांच्या हातात द्या. त्यांनी तिच्याकडे न बघता एकेक दाणा तिच्या पलीकडे टाकायचा, म्हणजे खायला तिला त्यांच्यापासून लांब जावं लागेल आणि परत यायचं की नाही हे तिचं ती ठरवेल. हात पुढे करून बोलवायचं नाही. काही दिवसांनी ती स्वतःहून त्यांच्या पायाशी येऊन उभी राहिली, तर डोक्यावरून नाही, छातीला किंवा हनुवटीखाली तीन सेकंद खाजवायचं, हात काढायचा आणि ती हाताला नाक लावते की निघून जाते ते बघायचं. नाक लावलं तर आणखी तीन सेकंद.